पाठीतला रॉड आणि कमरेचा बाक



मागे एकदा आपण पाठदुखीवर बोललो होतो. दुसऱ्या दिवशी एका ताईंचा फोन आला. त्यांची मुलगी चौदा वर्षांची. वर्षभरापासून तिचा एक खांदा वर आणि एक खाली दिसायला लागला होता, शाळेचा ड्रेस एका बाजूला ओढल्यासारखा बसायचा. घरात कुणी म्हणालं दप्तराच्या ओझ्याने झालं, कुणी म्हणालं वेडंवाकडं झोपते म्हणून. एक्स-रे काढला तेव्हा कळलं की कणाच बाजूला वळलाय. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, बाक वाढत चाललाय, ऑपरेशन करून रॉड टाकावे लागतील. ताईंनी आम्हाला विचारलं, "रॉड तर सरळ असतो. आपली पाठ कुठं सरळ असते? मग माझ्या पोरीनं काय जन्मभर पहारीसारखं उभं राहायचं?"

आम्हाला उत्तर आलं नाही. विचारून सांगतो म्हणालो. मग जाणकारांना विचारलं, वाचलं, आणि वाचता वाचता थक्क झालो. ताईंनी जो प्रश्न एका दमात विचारला, तो जगातल्या मोठमोठ्या सर्जन लोकांना नीट पडायला आणि सुटायला कित्येक वर्षं लागली. तोवर हजारो पाठींमध्ये सरळ रॉड जाऊन बसले होते, आणि त्यातल्या बहुतेक पाठी मुलींच्या होत्या. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी एक करून बघा. भिंतीला टाचा, कुल्ले आणि खांदे टेकवून उभ्या राहा. आता कमरेमागे हात घाला. तळहात आत गेला ना? ती पोकळी म्हणजे कमरेचा बाक. मानेतही तसाच एक बाक आहे, आणि दोन्हींच्या मध्ये पाठ थोडी मागे फुगलेली आहे. बाजूने बघितलं तर कणा असा नागमोडी दिसतो. समोरून बघितलं तर मात्र सरळ दिसायला हवा. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे.

हा बाक आपण जन्माला घेऊन येत नाही. पोटातल्या बाळाची पाठ नुसती गोल असते. बाळ मान धरतं तेव्हा मानेचा बाक येतो, उभं राहून पावलं टाकायला लागलं की कमरेचा. म्हणजे माणूस दोन पायांवर उभा राहतो तो या बाकाच्या जिवावर. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालणारी बाई बघा. हंडा, डोकं, धड, कंबर, पाय हे सगळं एकावर एक आलेलं असतं, म्हणून तिला हात सोडूनही चालता येतं. कमरेतला बाक काढून घेतला तर तोच हंडा पुढे जाईल.

वाकड्या कण्यावर उपाय करायची धडपड फार जुनी आहे. ग्रीस देशात हिप्पोक्रॅटिसच्या काळी माणसाला शिडीला बांधून शिडी वरून खाली आपटायचे, अंगाच्या भाराने पाठ ताणली जाईल म्हणून. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पारे या सर्जनने लोखंडी पत्र्याची बंडी सुचवली. ती चिलखत करणाऱ्या कारागिरांकडून बनवून घ्यायची. बाहेरून कितीही आवळा, आतला कणा आपल्या वाटेनेच जायचा.

तेव्हा पाठीला कुबड आणणारा सगळ्यात मोठा आजार होता क्षय. क्षय फुप्फुसांना होतो तसा मणक्यालाही होतो. मणका पुढून पोखरला जातो, खचतो, आणि पाठ पुढे मोडते. १७७९ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी याचं वर्णन लिहिलं, म्हणून आजही डॉक्टर त्याला पॉटचा आजार म्हणतात. औषध नव्हतं. लेकरांना महिनोन्महिने प्लास्टरमध्ये झोपवून ठेवायचे.

१९११ साली न्यूयॉर्क शहरातल्या दोन सर्जननी, रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी, वेगवेगळ्या रीतीने एकच कल्पना मांडली. आजारी मणके हलत राहतात म्हणून खचत राहतात, तर ते हलूच द्यायचे नाहीत. शेजारशेजारच्या मणक्यांना हाडानेच जोडून टाकायचं. हिब्ज मणक्यांचीच हाडं सोलून त्यांच्या चिपा एकमेकींवर पसरायचे. अल्बींची तऱ्हा आपल्याला जास्त जवळची वाटेल. अल्बी शेतकऱ्याच्या घरचे, आजोबांकडून फळझाडांवर कलमं करायला शिकलेले. पाठीवरून बोट फिरवलं की मणक्यांचे जे काटे हाताला लागतात, ते त्यांनी मधून चिरले, नडगीच्या हाडाची पट्टी काढून त्या चिरेत बसवली आणि वरून शिवून टाकलं. आपण आंब्याला पाचर कलम करतो तेच. कलम रुजलं की हाड आणि हाड एक.

क्षयाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण ते आपल्याकडचं आहे. क्षयावर औषधं आली, तरी कण्याच्या क्षयात ऑपरेशन करायचंच असा अनेक ठिकाणी आग्रह होता. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली मधला मार्ग मांडला. आधी औषधं आणि विश्रांती, आणि ज्याला खरीच गरज आहे त्यालाच ऑपरेशन. आज कण्याचा क्षय वेळेत सापडला तर बहुतेक माणसं गोळ्यांवर बरी होतात. रात्रीचा बारीक ताप, घटलेलं वजन आणि एकाच जागी सतत दुखणारी पाठ असेल तर ते अंगावर काढू नका.

आता बाजूला वळणाऱ्या कण्याकडे येऊ. त्याला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. याचा सगळ्यात नेहमीचा प्रकार वयात येताना सुरू होतो, आणि त्याचं नेमकं कारण आजही सापडलेलं नाही. दप्तराने होत नाही, झोपण्याने होत नाही, आईच्या दुर्लक्षाने तर नाहीच नाही. बारीक बाक मुलामुलींत जवळपास सारखाच दिसतो, पण वाढत जाणारा मोठा बाक मुलींमध्ये कितीतरी पट अधिक. म्हणून ही गोष्ट बायकांच्या मासिकात यायला हवी असं आम्हाला वाटतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. लंडनच्या विल्यम ॲडम्स यांनी ती १८६५ साली लिहून ठेवली. मुलीला पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात खाली सोडून कमरेतून वाकायला सांगायचं आणि मागून पाठ बघायची. एका बाजूच्या बरगड्या दुसरीपेक्षा वर आलेल्या दिसल्या तर कण्याला पीळ पडलाय. हो, पीळ. कणा बाजूला वळतो तेव्हा स्वतःभोवती फिरतोही. ॲडम्स यांच्या या निरीक्षणाचं पुढे शतकभर काय झालं ते ऐकाल तर हसू येईल. सगळे समोरून काढलेल्या एक्स-रेकडे बघत बसले आणि पीळ विसरून गेले.

हिब्ज यांनी जोडायचं ऑपरेशन स्कोलिओसिसलाही लावलं. आधी प्लास्टरने पाठ होईल तेवढी सरळ करायची, मग मणके जोडायचे, मग पुन्हा कित्येक महिने प्लास्टरमध्ये निजून राहायचं. हाताशी काय लागलं? १९४१ साली अमेरिकेतल्या हाडांच्या डॉक्टरांच्या समितीने ४२५ रुग्णांचा आढावा घेतला. दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचा शेवट जेमतेम किंवा वाईट निघाला. कित्येकींचं हाड जुळलंच नव्हतं. आपलीच कामं तपासून तसं उघड छापायलाही धाडस लागतं, हेही इथे म्हणायला हवं.

नंतर आला पोलिओ. १९४७ साली पॉल हॅरिंग्टन नावाचे तरुण सर्जन टेक्सासमधल्या ह्यूस्टनला होते. उंचेपुरे, कॉलेजात बास्केटबॉल गाजवलेले. त्यांच्या वाट्याला सरकारी दवाखान्यातली पोलिओची मुलं आली. त्याच वर्षी इकडे मुंबईत फातिमा इस्माईल यांनी, स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर, अशा मुलांसाठी उपचाराचं केंद्र उभं केलं. आजार तोच, साल तेच, फक्त समुद्र मधे.

पोलिओने पाठीचे स्नायू एका बाजूने लुळे पडले की कणा झपाट्याने वळतो. धड दुमडतं आणि फुप्फुसांना फुगायला जागा उरत नाही. छातीचे स्नायूही अधू, म्हणून या मुलांना प्लास्टरही सोसायचं नाही. प्लास्टर आवळलं की श्वास कोंडायचा. हॅरिंग्टननी ठरवलं की टेकू बाहेरून नको, आतूनच द्यायचा. त्यांनी स्टीलचा रॉड घेतला. त्याच्या एका टोकाला खाचा, आणि वरच्या-खालच्या मणक्यांना अडकवायला दोन आकडे. ट्रॅक्टरचं चाक बदलताना जॅक कसा एकेक दात वर चढतो आणि मागे घसरत नाही, तसा हा आकडा एकेक खाच पुढे सरकायचा. दोन टोकं एकमेकांपासून लांब गेली की मधला वाकडा कणा ताणून सरळ व्हायचा.

सुरुवातीला त्यांनी मणके जोडले नाहीत, नुसता रॉड घातला. पाठ छान सरळ झाली, आणि काही महिन्यांत रॉड तुटले, आकडे निसटले. लोखंडाची तार तीच जागा धरून पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. माणूस चालतो, वाकतो, श्वास घेतो, आणि प्रत्येक वेळी रॉडला हिसका बसतो. तेव्हा कळलं की रॉड हा मांडवाच्या टेकूसारखा आहे, काही महिन्यांपुरता. त्या मुदतीत हाड रुजलं पाहिजे. हाड आधी जुळलं तर बाई जिंकली, रॉड आधी तुटला तर पुन्हा टेबलावर. आजही यात काही बदललेलं नाही. लाखो रुपयांचा रॉड असला तरी शेवटी तोलून धरतं ते बाईचं स्वतःचं हाडच.

१९६२ साली हॅरिंग्टननी सगळं लिहून छापलं आणि जगभर हे रॉड जायला लागले. तोवर पोलिओची लस आली होती, ती मुलं कमी होत गेली, आणि त्यांच्या जागी आल्या वयात येणाऱ्या, कारण न सापडलेल्या स्कोलिओसिसच्या मुली. समोरून काढलेल्या एक्स-रेत आधी आणि नंतर असा फरक दिसायचा की डोळ्यांत पाणी यावं. वाकडी वेल सरळ झालेली. आई-बाप खूष, डॉक्टर खूष.

बाजूने मात्र कुणी फारसं बघितलं नाही.

विळा घ्या हातात. विळ्याच्या आतल्या कडेला दोन्ही टोकांशी धरून ताणता आलं असतं तर काय झालं असतं? विळा सरळ झाला असता. कमरेचा बाक म्हणजे पाठीमागून बघितलेला विळाच, आतली खोलगट कड मागच्या बाजूला. हॅरिंग्टनचा रॉड बसायचा तो नेमका मागच्या बाजूला. वरच्या मणक्याला एक आकडा, कमरेच्या पार खालच्या मणक्याला किंवा त्याखालच्या त्रिकोणी हाडाला दुसरा, आणि ताण. बाजूचा बाक गेला आणि त्याच्यासोबत कमरेचा चांगला बाकही गेला. जो काढायचा होता तो आणि जो ठेवायचा होता तो, दोन्ही एकाच ताणात. आणि सपाट झालेल्या त्या पाठीला हाडाने कायमचं जोडून टाकलं.

सोळा-सतरा वर्षांची मुलगी हे निभावून नेते. खालचे उरलेले एक-दोन सांधे, मांडीचे सांधे, गुडघे सगळे तरणे असतात, ते सांभाळून घेतात. दहा-वीस वर्षांनी ते सांधे झिजतात. मग तिला सरळ उभं राहता येत नाही. धड पुढे झुकतं. समोर बघायला गुडघे वाकवून चालावं लागतं. ओट्याशी उभी राहिली की एका हाताने ओटा धरावा लागतो. संध्याकाळपर्यंत मांड्या आणि कंबर पेटलेली. तुम्हीही एकदा गुडघे जरा वाकवून, कंबर सपाट करून घरभर चालून बघा. शंभर पावलांत मांड्या भरून येतील. त्या बायका असं वर्षानुवर्षं चालल्या.

१९७३ साली डोहर्टी नावाच्या डॉक्टरांनी अशा अवस्थेची पहिल्यांदा नोंद केली. १९७७ साली जॉन मो आणि फ्रान्सिस डेनिस यांनी लिहिलं त्याचा अर्थ सरळ होता, की हा दोष आजाराने आलेला नाही, उपचाराने आलेला आहे. डॉक्टरी भाषेत त्याचं नाव पडलं फ्लॅटबॅक, म्हणजे सपाट पाठ. हे मो साधे गृहस्थ नव्हते. हॅरिंग्टनच्या पद्धतीला मणके जोडायची जोड द्या, असा आग्रह धरणाऱ्यांपैकी ते होते, ती पद्धत वापरणाऱ्यांतले अग्रणी. चूक दाखवायला बाहेरचं कुणी यावं लागलं नाही. हॅरिंग्टननाही आम्ही दोष देणार नाही. गुदमरणाऱ्या लेकराला श्वास मिळवून द्यायला निघालेला माणूस वीस वर्षांनंतरच्या ओट्यापाशी बघू शकला नाही, इतकंच. पण ज्यांच्या पाठी सपाट झाल्या त्यांचं दुखणंही या गोष्टीत तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं.

मग रॉडच वाकवून का घालायचा नाही? विचार बरोबर आहे, घातलाही. पण गोल रॉड गोल भोकात बसवला की वाकवलेला भाग सुटीच्या पिनेसारखा फिरतो आणि बाक भलत्याच दिशेला तोंड करतो. मो यांनी त्यावर साधी युक्ती काढली. रॉडचं टोक चौकोनी केलं, आकड्याचं भोकही चौकोनी. आता फिरणार कसा? घडवंचीचा पाय चौकोनी खाचेत बसवणाऱ्या सुताराला हे सांगावं लागलं नसतं.

दुसरी वाट मेक्सिकोतून निघाली. मेक्सिको शहरातले डॉ. एदुआर्दो लुके गरिबांवर उपचार करायचे. त्यांचे रुग्ण लांबून येत, परत परत येणं त्यांना परवडत नसे, आणि त्या उन्हात प्लास्टर घालून राहणं म्हणजे शिक्षाच. म्हणजे प्लास्टर लागूच नये इतकं पक्कं काहीतरी हवं होतं. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी दोन टोकांना आकडे लावायचं सोडून रॉडला प्रत्येक मणक्याशी तारेने बांधायला सुरुवात केली. मांडव घालताना आडवा बांबू नुसता दोन टोकांना बांधला तर मधे झोळ येतो. प्रत्येक वाशाला सुतळी मारली की हलत नाही. ताण खूप ठिकाणी वाटला गेला, म्हणून ओढून लांब करायची गरज उरली नाही. रॉडला हवा तो बाक आधीच देऊन कणा त्याच्याशी बांधता यायला लागला. जोखीमही होती. तार ज्या फटीतून ओवायची तिच्या खालीच मज्जारज्जू असतो. हात चुकला तर पाय जातात.

आम्हाला यातलं एक फार आवडलं. कमरेचा बाक राखता येण्याची ही मोठी सोय लांबच्या खेड्यातून येणाऱ्या, पुन्हा येणं न परवडणाऱ्या माणसाची अडचण सोडवताना हाताला लागली.

फ्रान्समध्ये ईव्ह कोत्रेल आणि जाँ दुबुसे यांनी विसरलेला पीळ पुन्हा आठवला. त्यांचं म्हणणं, वाकडा कणा हा कागदावरचा बाक नाही, तो जिन्यासारखा वळत जातो, तर औषधही वळतं हवं. १९८३ साली त्यांनी नवी रीत वापरली. बाजूला वळलेल्या कण्याच्या बाकाप्रमाणेच रॉड वाकवायचा, तो जागोजागी आकड्यांत बसवायचा, आणि मग रॉड स्वतःभोवती पाव फेरा फिरवायचा. बाजूला गेलेला बाक फिरून मागे-पुढे येतो. म्हणजे जो बाक नको होता त्याचाच हवा असलेला बाक होतो. वाचलं तेव्हा आम्ही घरातली तार वाकवून, फिरवून बघितली. करून बघा, मग पटेल.

त्याच देशात पॅरिसच्या रेमाँ रुआ-कामीय यांनी १९६३ पासूनच आकड्यांऐवजी स्क्रू वापरले होते. मणक्याच्या मागच्या भागाला पुढच्या भागाशी जोडणारी दोन बाजूंना दोन आखूड मानं असतात, त्यातून स्क्रू थेट मणक्याच्या पोटात जातो. आकडा नुसता अडकतो, स्क्रू मणका मुठीत धरतो. आज बहुतेक ऑपरेशनं स्क्रूवरच होतात. मणका घट्ट धरता आला की तो फिरवता येतो, उचलता येतो, कमरेत बाक देता येतो.

साधनं आली. पण बाक द्यायचा तर किती? इथे गोष्टीत एक बाई येते, आणि ती नसती तर ही गोष्ट अर्धीच राहिली असती. जिनेट द्युव्हाल-बोपेर या फ्रेंच डॉक्टर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या माणसाच्या शरीराचा भार थराथराने मोजला. डोक्याचा भार कुठून खाली जातो, छातीचा कुठून, पोटाचा कुठून. त्यासाठी गॅमा किरणांचं खास यंत्र वापरलं. मोजताना त्यांच्या लक्षात आलं की कमरेचा बाक ठरवणारी चावी कमरेत नाहीच, तिच्या खाली आहे.

कणा ज्या त्रिकोणी हाडावर उभा असतो त्याला माथा असतो, थोडा पुढे उतरता. ते हाड ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात पक्कं बसलेलं, आणि ते कडं मांड्यांच्या दोन गोळ्यांवर तोललेलं. माथा त्या गोळ्यांच्या मानाने किती मागे आणि किती उतरता, याचा एक कोन त्यांनी मोजला. १९९२ साली त्यांनी हे मांडलं. माणूस उभा राहो, बसो, वाको, हा कोन बदलत नाही. वाढ पूर्ण झाली की तो जन्मभर जवळपास तोच. पण माणसागणिक तो वेगळा असतो. कुणाचा ३५ अंश, कुणाचा ५०, कुणाचा ८०. ज्या बाईचा कोन मोठा, तिचा माथा जास्त उतरता, म्हणून तिला कमरेत खोल बाक लागतो. ज्या बाईचा लहान, तिची कंबर बरीचशी सपाट असली तरी ती तोलात असते. एकीला बरोबर असलेला बाक दुसरीला आजार.

जात्याची तळी उतरत्या जमिनीवर बसवली आणि सपाट जमिनीवर बसवली तर खालची पाचर सारखी कशी असेल? पण तोवर सगळ्या पाठींना एकच पाचर मारली जात होती. आता सर्जन आधी त्या बाईचा कोन मोजतात आणि साधारण त्याच्या आसपास, दहाएक अंशांच्या फरकात, कमरेचा बाक धरतात. त्यातही बाकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खालच्या दोन जोडांत असतो, वर नाही. म्हणून नुसता एकूण बाक जमवून भागत नाही, तो योग्य जागी पडला पाहिजे. वय झालेल्या बाईला मात्र तरुणीचा बाक द्यायचा नाही. जास्त मागे खेचलेली पाठ रॉड जिथे संपतो तिथून पुन्हा पुढे मोडते, आणि ठिसूळ हाडातून स्क्रू उपटून येतात.

आणखी एक वस्तू सांगायची राहिली, आणि तिची गोष्ट घोड्यापासून सुरू होते. घोड्यांना मानेच्या कण्याचा एक आजार होतो, घोडं झोकांड्या खातं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जॉर्ज बॅग्बी या सर्जननी पशुवैद्यांबरोबर काम करून घोड्याच्या दोन मणक्यांमध्ये भोकाभोकांची स्टीलची नळी बसवली, आत हाडाचा चुरा भरला. हाड भोकांतून वाढून दोन्ही मणके जुळले. घोडी चालायला लागली. हीच नळी सुधारून १९९६ साली अमेरिकेत माणसांच्या कमरेसाठी मंजूर झाली. याला डॉक्टर केज म्हणतात, पिंजरा. पण नळी पुढून आणि मागून सारख्याच जाडीची. कमरेतली चकती मात्र पुढून जाड, मागून बारीक असते, आणि कमरेचा बाक मोठ्या प्रमाणात त्या पाचरीतूनच येतो. सारख्या जाडीचा ठोकळा घातला की पुन्हा तीच सपाट पाठ. शिकलेला धडा पुन्हा शिकावा लागला. मग पाचरीच्या आकाराचे पिंजरे आले, कमी-जास्त उताराचे, आणि तो पिंजरा जितका पुढे बसेल तितका बाक चांगला मिळतो हेही कळलं.

अलीकडे एक्स-रेवरून आधी आकडेमोड करून त्या माणसापुरता वाकवलेला रॉड कारखान्यातून तयार येतो, टायटेनियमचे पिंजरे थरावर थर छापून बनवतात, जाळीदार, हाड आत शिरेल असे. याआधी आणि अजूनही बहुतेक ठिकाणी रॉड ऑपरेशनच्या टेबलाशीच पकडीने वाकवतात. टायटेनियमला पकडीचे दात लागले की तिथे तो कच्चा होतो, आणि वाकवलेला थोडा परत सरळही होऊ बघतो. म्हणून तयार रॉडचं कौतुक. पण नीट मोजलं नसेल तर कारखान्यातला रॉडही चुकीच्याच बाकाचा येणार.

ताईंना आम्ही फोन करून हे सगळं सांगितलं. रॉड आता सरळ नसतो, बाजूने वाकवलेला असतो. जोडलेले मणके मात्र पुन्हा हलणार नाहीत, हे खरं. ती वाकेल ती मांड्यांच्या सांध्यातून आणि खालच्या मोकळ्या राहिलेल्या मणक्यांतून, म्हणून जोड कमरेत किती खाली न्यायचा हे डॉक्टरांना जरूर विचारा. जितके मणके मोकळे राहतील तितकं खुरपताना, भात लावताना, पुढे लेकरू उचलताना सोपं. मुलीची वाढ बाकी असेल आणि बाक मधला असेल तर पट्ट्याने भागतं का, हेही विचारा.

मग आम्ही विचारलं, बाजूने काढलेला एक्स-रे आहे का? उभं राहून, मानेपासून मांडीच्या गोळ्यांपर्यंत? ताईंनी पिशवी उघडली. फोनवर आम्हाला कागदांचा आवाज येत होता. तीन फिल्म निघाल्या, तिन्ही समोरून काढलेल्या.

"मग गुरुवारी तेच आधी विचारते," ताई म्हणाल्या.